सायकलमार्ग बांधला, राखणार कोण?

अर्धापूरहून नांदेडकडे जाणारा रस्ता आता चौपदरी झाला आहे. तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्गाचा हा भाग. या रस्त्यावरून केळीने भरलेले ट्रक धावतात, हंगामात उसाच्या ट्रॉल्या रांगेने जातात, एसटी आणि खासगी गाड्यांची ये-जा तर अखंड सुरू असते. या साऱ्या वर्दळीच्या कडेने, पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडील हातभर जागेतून, सायकलीही जात असतात. कुणी शाळेला निघालेले असते, कुणी शेताला, कुणी दूध घालायला. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेग वाढला. सायकलस्वाराच्या वाट्याची जागा मात्र होती तेवढीच राहिली.

सायकलसाठी स्वतंत्र मार्ग हवा, ही मागणी पूर्वी पुण्या-मुंबईपुरती होती. आता ती लहान शहरांतूनही होऊ लागली आहे. मागणी रास्तच आहे. परंतु ज्या शहरांनी असे मार्ग बांधले, त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट लख्ख दिसते. सायकलमार्ग बांधणे हे एकदाचे काम आहे आणि तो राखणे हे रोजचे. पहिल्या कामाला निधी मिळतो, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. दुसऱ्या कामाला बहुधा धनीच नसतो. आणि राखला न गेलेला सायकलमार्ग केवळ निरुपयोगी ठरत नाही, तर तो धोकादायक ठरतो.

नांदेडचा धडा

यासाठी अर्धापूरकरांना फार दूर पाहण्याची गरज नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. त्या घटनेची त्रिशताब्दी ऑक्टोबर २००८ मध्ये साजरी झाली. तत्पूर्वी, डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला होता. त्या निधीतून शहरातील प्रमुख रस्त्यांची नव्याने आखणी करण्यात आली. ही आखणी करताना केवळ डांबराची रुंदी वाढविली गेली नाही. पदपथ, झाडांची रांग आणि सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा यांचाही विचार झाला. मराठवाड्यातील एका मध्यम शहरात असा प्रयत्न व्हावा, ही त्या काळी देशभरातील नगररचनाकारांच्या दृष्टीने कौतुकाची बाब होती.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ मध्ये जाहीर झाले. रस्ते वाहनांसाठी नव्हे, तर माणसांसाठी आखावेत, हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा जलद बसमार्ग सुरू झाला आणि त्यासोबत सायकलमार्गही आखले गेले. पुढे २०१७ मध्ये पुणे महापालिकेने शहराच्या सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी दिली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने कोट्यवधी रुपये खर्चून सायकलमार्ग तयार केला होता. तेथे सायकलींपेक्षा उभ्या मोटारीच अधिक दिसत आणि अखेर २०२५ मध्ये तो काढून वाहनांची मार्गिका वाढविण्याचा निर्णय झाला.

या प्रयत्नांचा हेतू चांगला होता. मात्र बांधकामानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब आराखड्यात क्वचितच मांडलेला असतो. 'सायकलस्वार मार्गाचा वापरच करीत नाहीत' अशी तक्रार मग केली जाते. वस्तुतः उलटे घडलेले असते. मार्ग वापरण्याजोगा राहत नाही, म्हणून सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो. तो तसा आला, की मार्ग ओस पडतो. आणि ओस पडलेल्या जागेवर वाहने, टपऱ्या व राडारोडा यांचा हक्क आपोआप प्रस्थापित होतो.

मार्ग बिघडतो कसा?

मोटारीचे चाक रुंद असते, तिला धक्के सोसणारी यंत्रणा असते. सायकलीचा टायर जेमतेम दोन बोटे रुंद आणि स्वाराचा तोल त्या दोन चाकांवर तोललेला. त्यामुळे मोटारचालकाला जाणवणारही नाही अशी बारीक खाच सायकलस्वाराला पाडू शकते. सायकलमार्गाच्या पृष्ठभागाकडे मुख्य रस्त्यापेक्षा अधिक बारकाईने पाहावे लागते, ते यासाठी.

मराठवाड्यात या प्रश्नाला जमिनीचे आणखी एक कारण आहे. येथील काळी कसदार माती कापसाला आणि केळीला मानवते. रस्त्याला मात्र ती वैरीण ठरते. या मातीतील चिकणकण पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. शेतात मे महिन्यात पडणाऱ्या भेगा हे त्याचेच दृश्य रूप. मुख्य रस्त्याखाली खडी-मुरुमाचे जाड थर असतात. सायकलमार्गावरून जड वाहने जायची नाहीत, या समजुतीने तेथील पाया पातळ ठेवला जातो. परिणामी दोन-तीन पावसाळ्यांतच सिमेंटचे गट्टू कुठे खचतात, कुठे उचलले जातात. गट्टू बसवायला सोपे आणि खोदकामानंतर पुन्हा लावता येतात, हे खरे. परंतु ते सैल झाले की प्रत्येक सांधा हा चाकाला बसणारा हिसका ठरतो. म्हणूनच काळ्या मातीच्या प्रदेशात माती काढून मुरुमाचा पुरेसा भराव, पाण्याचा निचरा आणि वर सलग डांबर किंवा काँक्रीट हाच टिकाऊ उपाय मानला जातो.

दुसरा शत्रू म्हणजे गटारांच्या जाळ्या. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला समांतर असतील, तर पुढचे चाक फटीत अडकते आणि स्वार थेट हँडलवरून पुढे फेकला जातो. याच पट्ट्या आडव्या बसविल्या, तर धोका जवळजवळ संपतो. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागते ते फक्त बसविणाऱ्याचे लक्ष. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत नसणे, तुटलेली असणे किंवा चोरीला जाणे हा याच मालिकेतील पुढचा प्रकार.

तिसरे कारण खोदकामाचे. जलवाहिनी, मलनिस्सारण, वीज, दूरसंचार अशा प्रत्येकाला रस्त्याची कडाच सोयीची वाटते आणि कडेला नेमका सायकलमार्ग असतो. चर खणला जातो, केबल टाकली जाते, वर माती लोटली जाते. पहिल्या पावसात ती माती बसते व आडवा खड्डा तयार होतो.

चौथे कारण अगदी स्थानिक आहे. रस्त्याच्या कडेची वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर माजणारे सराटे. बाभळीचा एक वाळलेला काटा किंवा सराट्याचे एक बोंड ट्यूब निकामी करायला पुरेसे असते. मोटारींच्या येण्याजाण्याने मुख्य रस्ता आपोआप झाडला जातो. बारीक खडी, काचा, काटे कडेला ढकलले जातात. म्हणजे मुख्य रस्त्याचा कचरा सायकलमार्गावरच येऊन साचतो. त्यामुळे झाडलोटीची गरज मुख्य रस्त्यापेक्षा सायकलमार्गाला जास्त आहे. बहुतेक ठिकाणी झाडूची पाळी मात्र तेथे सर्वांत शेवटी येते.

या बाबतीत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे बर्फ पडला, की प्रमुख सायकलमार्गांवरील बर्फ आधी हटविला जातो. नांदेडात बर्फ पडत नाही. परंतु पहिला झाडू कुठे फिरवायचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्याच्या उत्तरातूनच शहराचा प्राधान्यक्रम कळतो.

देखभालीचे वेळापत्रक

भारतीय रस्ते महासभेने सायकलमार्गांच्या रचनेसाठी स्वतंत्र मानक तयार केले असून ते २०१५ मध्ये सुधारले आहे. त्यानुसार एकेरी सायकलमार्गाची रुंदी किमान दोन मीटर अपेक्षित असते. रुंदीला महत्त्व आहे, कारण त्याहून अरुंद पट्ट्यात एका सायकलला दुसरी ओलांडता येत नाही. मग ओलांडणारा मुख्य रस्त्यावर उतरतो आणि नेमका तेथेच अपघात होतो.

मार्ग तयार झाल्यावर पालिकेने किंवा नगरपंचायतीने काय करावे, याचे उत्तर अवघड नाही. आठवड्यातून किमान एकदा संपूर्ण मार्ग झाडला जावा. महिन्यातून एकदा संबंधित कनिष्ठ अभियंत्याने तो सायकलवरूनच पाहावा. जीपमधून पाहिलेला खड्डा आणि चाकाखाली आलेला खड्डा यांत फरक असतो. मृग नक्षत्रापूर्वी जाळ्या साफ करून पाण्याचा निचरा तपासावा. पावसाळा संपताच खचलेले भाग उचलावेत, गवत व काटेरी झुडपे काढावीत आणि डोक्याला लागतील अशा फांद्या छाटाव्यात. झाडे मात्र तोडू नयेत. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या या भागात सावली नसलेला सायकलमार्ग म्हणजे पाणी नसलेली पाणपोई होय.

रंगाच्या पट्ट्यांबाबतही काळजी हवी. गुळगुळीत रंगाचा जाड थर पावसात निसरडा होतो. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी खांब रोवले जातात. पण मोटारसायकल सायकलच्याच फटीतून आत शिरू शकते, हे विसरून चालत नाही. खांब मोटारींना आणि रिक्षांना अडवितात. मोटारसायकलींना अडवितो तो केवळ दंड. मोटार वाहन कायद्याखालील २०१७ च्या चालनविषयक विनियमांनी सायकलमार्गावर वाहन उभे करण्यास मनाई केलेली आहे. आणि खांब रोवलेच, तर त्यांवर परावर्तक पट्टी हवी. अन्यथा रात्रीच्या वेळी तो खांबच सायकलस्वाराचा घात करतो.

जबाबदारी कोणाची?

रस्ता कोणाचा, हे ठाऊक नसल्याने बहुतेक तक्रारी वाटेतच विरतात. शहरातील सार्वजनिक रस्ते बांधणे, दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती व साफसफाई करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. अर्धापूरसारख्या ठिकाणी गावातील रस्ते नगरपंचायतीकडे, तर महामार्ग संबंधित महामार्ग यंत्रणेकडे असतो. महामार्ग गावाजवळून जातो तेथे सेवारस्त्याचा प्रश्न निर्माण होतो आणि 'तो आमच्याकडे नाही' हे उत्तर नागरिकाला दोन्ही खिडक्यांवर मिळण्याची शक्यता असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १९८-अ येथे उपयोगी पडते. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने तर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले. चांगला रस्ता ही कृपा नसून तो नागरिकाचा हक्क आहे, ही त्यामागील भूमिका.

नागरिकांच्या हाती आणखी एक साधन आहे. प्रत्येक रस्त्याच्या कंत्राटात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खचला, तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करावयाची असते. ही मुदत किती व ती कधी संपते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. 'खड्डा पडला आहे' या तक्रारीपेक्षा 'कंत्राटदाराची मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, त्यापूर्वी खड्डा भरून घ्यावा' हा अर्ज अधिक परिणामकारक ठरतो.

सायकलस्वाराची सुरक्षितता

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यात सायकलस्वारांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास दिसते. आकडा लहान वाटतो. परंतु त्यामागील प्रत्येक नाव हे बहुधा मजूर, शेतकरी, शाळकरी मुलगा वा मुलगी यांचे असते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. मुलीच्या हाती सायकल देणारे शासन आणि तिच्या चाकाखालचा रस्ता राखणारे शासन एकच आहे, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

वेगाचे गणित येथे समजून घ्यायला हवे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीचा वेग पावणेदोन पटीहून कमी वाढलेला असतो. आघात मात्र जवळपास पावणेतीन पट होतो. म्हणून शाळा, बाजार व चौक यांच्या परिसरात वाहनांचा वेग कमी करणे हा सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा पहिला उपाय. शिरस्त्राण त्यानंतर येते.

तरीही स्वाराने स्वतः घ्यावयाची काळजी थोडी नाही. निघण्यापूर्वी दोन मिनिटे टायरची हवा, दोन्ही ब्रेक आणि साखळी तपासावी. ब्रेकचा दांडा दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर ब्रेक सैल आहेत असे समजावे. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर कापते. समोरचा धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे प्रत्यक्ष ब्रेक लागण्यापूर्वीच सायकल चार मीटर पुढे गेलेली असते. पावसात रिम ओली असल्याने त्यात आणखी भर पडते.

रात्री पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवा. किमान मागचा परावर्तक आणि पॅडलवरच्या पिवळ्या पट्ट्या शाबूत हव्यात. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना एका दाराच्या रुंदीइतके अंतर ठेवावे, कारण दार केव्हा उघडेल याचा नेम नसतो. ट्रक वा बस डावीकडे वळत असताना तिच्या डाव्या कुशीत शिरू नये. चालकाला तेथील सायकल आरशात दिसत नाही. उसाच्या ट्रॉलीच्या मागे रात्री दिवा असेलच, अशी खात्री कधीच धरू नये. ओढणी, पदर आणि पायजम्याची कड साखळीत व चाकात अडकणार नाही, हे पाहावे. कानात इअरफोन घालून सायकल चालविणे म्हणजे मागचे डोळे स्वतःच मिटून घेणे आहे.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न सर्वच शहरांत आहे. कुत्रा मागे लागल्यास वेग वाढविण्यापेक्षा खाली उतरून सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरणे अधिक सुरक्षित. चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीज प्रतिबंधक लस सुरू करावी.

एकाकी मार्ग आणि दिवाबत्ती

सुरक्षितता म्हणजे केवळ अपघातापासून बचाव नव्हे. सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला मार्ग वापरण्याची भीती वाटत असेल, तर त्या मार्गाचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असला तरी तो तिच्यासाठी बंदच असतो. नदीकाठ, कालवा किंवा वसाहतीच्या मागील बाजूने जाणारे मार्ग सकाळी रम्य वाटतात. अंधार पडताच ते निर्मनुष्य होतात. उंच कुंपण, दाट झुडपे, मधूनच बंद पडलेले दिवे आणि मध्येच बाहेर पडायला वाट नसणे, ही धोक्याची लक्षणे होत.

त्यावरील उपायही देखभालीतच दडलेला आहे. दिवे प्रखर असण्यापेक्षा प्रकाश सलग असणे महत्त्वाचे. एका झगझगीत दिव्यानंतरचा अंधार डोळ्यांना अधिक गडद भासतो. फांद्यांमागे दडलेला दिवा असून नसल्यासारखाच. ठराविक अंतरावर बाहेर पडण्याची वाट हवी. दिव्याच्या खांबांवर क्रमांक असावेत, म्हणजे मदत मागताना ठिकाण सांगता येते. महाराष्ट्रात पोलिसांच्या व अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असल्याने 'मागे झंझट नको' म्हणून कुणी पाठ फिरविण्याचे कारण उरलेले नाही. चहाची टपरी किंवा फळांची गाडी सायकलमार्गावर नको, हे खरे. पण मार्गाच्या शेजारी, आखून दिलेल्या जागेत ती असली, तर तिच्या दिव्याची आणि माणसांची सोबतच होते. वर्दळ हाच उत्तम पहारेकरी असतो.

आंदोलनातून उभे राहिलेले मार्ग

सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचे नाव घेतले जाते. तेथेही हे चित्र आपोआप उभे राहिलेले नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० लोक मृत्युमुखी पडले, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर पालकच रस्त्यावर उतरले आणि मुलांचे बळी थांबवा, अशी मागणी करीत त्यांनी शासनाला धोरण बदलायला भाग पाडले. आजचे तेथील सायकलमार्ग हे त्या आंदोलनाचे फलित आहे आणि ते टिकले याचे श्रेय पुढील पन्नास वर्षांच्या न चुकलेल्या देखभालीला द्यावे लागते.

आपल्याकडे केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने जून २०२० मध्ये सायकलींसाठी शहरांची स्पर्धा सुरू केली. २०२१ मध्ये निवड झालेल्या ११ शहरांत नागपूर व पिंपरी-चिंचवड ही राज्यातील दोन शहरे होती. स्पर्धेमुळे चालना मिळते, यात शंका नाही. परंतु पारितोषिक मिळाल्यानंतरच्या पाचव्या पावसाळ्यात मार्ग कसा आहे, ही खरी परीक्षा होय.

अर्धापूर अजून लहान आहे. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जायला वेळ लागत नाही. शाळा, बाजार आणि बसस्थानक यांना जोडणारा एखादा मार्ग येथे आखायचा ठरला, तर मोठ्या शहरांनी केलेल्या चुका टाळण्याची संधी या गावाला आहे. मात्र अंदाजपत्रकात बांधकामाच्या रकमेखालीच देखभालीची ओळ पहिल्या दिवसापासून लिहिली गेली पाहिजे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. केळीची बाग लावून कुणी घरी बसत नाही. पाणी, खत, वाऱ्यापासून आधार आणि पिलांची छाटणी रोजच्या रोज पाहिली तरच घड हाती येतो. रस्त्याचेही तसेच आहे.

सकाळी दप्तर पाठीला लावून निघालेले मूल संध्याकाळी त्याच सायकलवरून धडपणे घरी परतते की नाही, यावरच शेवटी सायकलमार्गाचे मोल ठरते. त्यासाठी लागणारा झाडू, मुरुमाची पाटी आणि चालू असलेला दिवा या गोष्टी फार महाग नाहीत. त्या रोज लागतात, एवढेच.